आलीस, बरं झालं

ड्रेस्डेनच्या आमच्या प्रयोगशाळेत एक अतिशय नाजूक तराजू होता आणि शहराबाहेरच्या विमानतळावर सोव्हिएत लढाऊ विमानांची एक रेजिमेंट होती. या दोघांचं कधी पटलं नाही. वजन घ्यायला बसावं, काटा स्थिर व्हायला यावा, आणि नेमकं त्यांचं एखादं जेट ढगांच्या वर कुठेतरी आवाजाचा वेग ओलांडायचं. धाडकन दणका बसायचा, खिडक्या थरथरायच्या आणि माझी सकाळ पाण्यात जायची. मी मराठीत दोन शिव्या हासडायचो. जर्मन सहकारी नुसते छताकडे बघायचे, "या, या", म्हणजे हो, हो, म्हणायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. मोठ्याने शिव्या देण्याची चैन त्या गावात मला एकट्यालाच परवडत होती.

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी पुण्याहून डॉक्टरेट करायला आलो होतो. खरं तर आधी मॉस्कोला जायचं घाटत होतं, म्हणून पुण्यात मी संध्याकाळच्या वर्गाला बसून रशियन शिकलो. मग मॉस्को बारगळलं आणि शिष्यवृत्ती मिळाली ती पूर्व जर्मनीची. त्यामुळे माझं रशियन अर्धवट राहिलं. वाचता यायचं, समोरचा सावकाश बोलला तर कळायचं, पण बोलायला म्हणून तोंड उघडत नसे. चूक होईल आणि लोक हसतील, ही भीती मी पुण्याहून सोबतच आणली होती. ती जावी म्हणून मी विद्यापीठातल्या रशियनच्या वर्गाला नाव घातलं.

वर्ग घेणाऱ्या बाई चाळिशीला टेकलेल्या, सडसडीत, कमी बोलणाऱ्या. त्या रशियाला लागून असलेल्या रिगाकडच्या जर्मन, म्हणून रशियन येणाऱ्या, युद्धाच्या शेवटी निर्वासित होऊन आलेल्या, असं सगळे सांगत. नवरा शाळेत सुतारकाम शिकवायचा, एक मुलगा होता. डाव्या कानाखालून गळ्यापर्यंत भाजल्याची जुनी खूण होती, ती त्या रुमालाने झाकत. ड्रेस्डेनमध्ये भाजल्याच्या खुणांबद्दल कोणी कोणाला विचारत नसे. मीही कधी विचारलं नाही. मला त्यांचा रागच जास्त यायचा, कारण व्याकरणाच्या बाबतीत त्या कुणाला सोडत नसत आणि माझी वही तपासताना तर त्यांना विशेष स्फुरण चढायचं.

त्या वसंतात विमानतळावरच्या रेजिमेंटचा वर्धापनदिन होता आणि परदेशी विद्यार्थ्यांना तो दाखवायचं वरून कुणीतरी ठरवलं. आम्ही दहाबारा जण, सगळे वेगवेगळ्या देशांचे. बस आली. नेहमीचा दुभाषी आजारी पडला म्हणून ऐन वेळी बाईंना जुंपलं होतं. त्या बसमध्ये अगदी मागे जाऊन बसल्या. मी आपला खुशीत होतो. इतके दिवस ज्यांना शिव्या घातल्या ते एकदा डोळ्यांनी बघायला मिळणार होते.

कुठली रेजिमेंट कुठे आहे हे तेव्हा बाहेर कुणाला कळायची सोय नव्हती. विमानतळ म्हणजे एक भिंत आणि एक आवाज, एवढंच गावाला ठाऊक. आत गेल्यावर एका तरुण, हसतमुख कॅप्टनने आम्हाला एका खोलीत नेलं. तिथे त्यांचा इतिहास भिंतींवर मांडून ठेवला होता. कॅप्टन रशियनमध्ये सांगत होता, बाई त्याचं जर्मन करत होत्या. त्याने सुरुवातीला रेजिमेंटचं युद्धातलं जुनं नाव घेतलं. बाई म्हणाल्या, "आल्झो...", म्हणजे "तर मग...", आणि थांबल्या. कॅप्टनला वाटलं, नाव नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्याने ते पुन्हा सांगितलं. मग त्यांनी त्याचं जर्मन केलं, पण आवाज बसल्यासारखा झाला होता.

पुढचं सगळं त्यांनी सरळ सांगितलं. युद्धाच्या पहिल्या उन्हाळ्यात जमिनीवरच जळून गेलेली विमानं. व्होल्गापर्यंतची माघार. मग नवी विमानं आणि पश्चिमेकडचा प्रवास, एकेक नदी ओलांडत ओडरपर्यंत, आणि तिथून बर्लिन. युद्ध संपल्यावर बाकीचे घरी गेले, ही रेजिमेंट जर्मनीतच राहिली. पंख्याची विमानं गेली, जेट आली. जुने वैमानिक बदलून गेले, निवृत्त झाले.

"युद्धातलं एकच माणूस अजून आमच्याकडे आहे," कॅप्टन म्हणाला. "ती कधी बदलून जात नाही."

त्याने एका तैलचित्राकडे बोट दाखवलं. वैमानिकाच्या गणवेशातली एक कोवळी मुलगी, दोन वेण्या, गाल गुलाबी. ओडरवर युद्धाच्या शेवटच्या आठवड्यांत तिचं विमान पेट घेऊन कोसळताना तिच्या साथीदारांनी पाहिलं होतं. त्यांच्या फौजेत एक पद्धत आहे. असामान्य पराक्रम करून गेलेल्याचं नाव पटावर कायमचं ठेवतात. रोजच्या हजेरीत ते नाव सगळ्यांत आधी पुकारलं जातं आणि रांगेतला पहिला सैनिक उत्तर देतो की तिला मातृभूमीसाठी लढताना वीरमरण आलं. तिची खाटसुद्धा रोज झाडून, चादर घालून ठेवतात. हे ऐकून मला गलबलून आलं.

मग आम्हाला मैदानावर नेलं. सैनिक रांगेत उभे होते आणि समोर व्यासपीठावर अधिकाऱ्यांच्या मधोमध डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली एक खेडवळ म्हातारी बसली होती. कॅप्टन अभिमानाने कुजबुजला, "तिची आई. खास गावाहून आणलंय." बाईंनी याचं जर्मन केलंच नाही. त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या. मला समजलं होतं म्हणून मला काही वाटलं नाही.

हजेरी सुरू झाली. पहिलं नाव पुकारलं गेलं. म्हातारी उठून उभी राहिली. पहिल्या सैनिकाने उत्तर द्यायच्या आधीच्या त्या शांततेत माझ्या कानाशी अगदी हळू आवाज आला, "या."

मी मराठी माणूस. मला आधी वाटलं, कुणीतरी आलंय आणि बाई त्याला या म्हणताहेत. मग वाटलं, जर्मन 'या', म्हणजे 'हो', असेल, उगाच हुंकार दिला असेल. तेवढ्यात तो सैनिक खणखणीत आवाजात म्हणाला की तिला वीरमरण आलं, आणि मी ते विसरून गेलो.

समारंभानंतर पाहुण्यांनी एकेक करून म्हातारीला भेटायचं होतं. सगळे हस्तांदोलन करत होते. माझी पाळी आली आणि मी वाकलो. ठरवून नव्हे. समोर एवढी म्हातारी आई, मुलगी गेलेली. माझे हात आपोआप तिच्या पायांकडे गेले. अधिकारी दचकले. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिने खाली चाचपलं आणि विचारलं, "काय पडलं याचं?"

सगळे बाईंकडे बघायला लागले. आतापर्यंत बाई माझ्या मागे, एक अक्षर न बोलता उभ्या होत्या. आता बोलणं भाग होतं. त्या रशियनमध्ये म्हणाल्या, "काही पडलं नाही. त्यांच्याकडे आईला असा नमस्कार करतात."

म्हातारीचा हात माझ्या डोक्यावर होता. त्या हाताने माझे केस घट्ट धरले, इतके की दुखलं. तिने मान एका बाजूला कलती केली.

"याला आई आहे?" तिने विचारलं.

बाईंनी मला जर्मनमध्ये विचारलं. मी सांगितलं, आहे, पुण्याला असते. बाई रशियनमध्ये म्हणाल्या, "आहे. फार लांब आहे."

म्हातारीने मला उठवलं, माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "आलीस. बरं झालं, आलीस."

"आजी, तो मुलगा आहे," कॅप्टन हसून म्हणाला.

"डोळे गेलेत रे माझे," म्हातारी म्हणाली.

आता हे जर्मन माणसाला समजायचं कारणच नाही. त्याच्या भाषेत तू आलास काय नि तू आलीस काय, क्रियापद एकच. बाईंनीही जर्मन केलं ते बिनबोभाट: तुम्ही आलात याचा त्यांना आनंद आहे. पण रशियन क्रियापद या बाबतीत आपल्यासारखंच. बोलणाऱ्याने समोर बाई आहे की पुरुष हे ठरवल्याशिवाय ते तोंडातून निघतच नाही. डोळे गेलेल्या माणसाचीही याबाबत चूक होत नाही. माझा आवाज तिने ऐकला होता आणि तो चांगला घोगरा आहे. मी वळून बाईंकडे पाहिलं. रुमाल सरकून ती भाजल्याची खूण उघडी पडली होती.

आणि तेव्हा मला तिसरी भाषा आठवली. रशियनमध्ये 'या' म्हणजे 'मी'. हजेरीत त्यांचे सैनिक हजर म्हणत नाहीत. नाव पुकारलं की 'मी' म्हणतात.

बसमध्ये मी स्वतःची समजूत घालत राहिलो की हे माझ्या अर्धवट रशियनचे खेळ आहेत, मूर्खासारखं काहीतरी जुळवू नकोस. त्या चित्रातल्या वेण्यांच्या मुलीचा चेहरा बाईंच्या चेहऱ्यावर बसवून बघत होतो; बसत नव्हता. बसायला लागला की मी खिडकीबाहेर बघायचो.

गावात उतरल्यावर बाकीचे पांगले. बाई माझ्याबरोबर ट्रामच्या थांब्यापर्यंत आल्या.

"तुम्हाला किती रशियन कळतं ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या वह्या मीच तपासते."

मी म्हणालो, "मला काही कळलं नाही."

"कळलं," त्या म्हणाल्या.

मग तिथेच उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं. रागाने सांगितलं, जणू मीच त्यांना पाडलं होतं. विमान कोसळण्याआधी त्या बाहेर फेकल्या गेल्या होत्या, पेटलेल्या. रिगाकडून पळून आलेल्या एका जर्मन शेतकरणीने उचललं. तिची त्याच वयाची मुलगी तापाने नुकतीच गेली होती. तिने गणवेश जाळला, मुलीचे कपडे घातले, मुलीच्या खाटेवर निजवलं. शुद्ध आली तोवर आघाडी पुढे निघून गेली होती आणि शेजारीपाजारी त्यांना त्या मुलीच्या नावाने हाक मारत होते. परत जावं तर शत्रूच्या मुलखातून परतलेल्यांना सैबेरियाच्या छावण्यांत पाठवतात अशा बातम्या यायला लागल्या होत्या. घाबरून काही आठवडे थांबल्या. थांबल्या हाच मग गुन्हा झाला. पुढे कधीतरी एका रशियन वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं की त्या वीरगती पावल्या आहेत आणि त्यांच्या गावच्या शाळेला त्यांचं नाव दिलंय.

"इतकी वर्षं वाटत होतं की आई नसेल," त्या म्हणाल्या. "ती परवा जाणार आहे. मी स्टेशनवर जाऊन तिला आई म्हणून हाक मारणार. मग जे व्हायचं ते होऊ दे."

जे होईल ते मला दिसत होतं. बाईंना नेतील. त्यांच्या मुलाचं काय, नवऱ्याचं काय. आणि ती म्हातारी, जिच्यापुढे आज सबंध रेजिमेंट ताठ उभी होती, ती पळून गेलेलीची आई म्हणून गावात परत जाईल. मला बाईंचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांच्यापुढे रडावंसं वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. ट्राम आली, तीत बसलो.

दुसऱ्या दिवशी माझा खोलीतला सोबती, मुंबईचा, हसत हसत आत आला. "काय रे, मोठा माणूस झालास. आउसलँडर-आम्टमधून, परदेशी लोकांच्या कचेरीतून, फोन होता. त्या रशियन आजीला तू हवायस म्हणे, स्टेशनवर सोडायला. पाया पडणारा काळा मुलगा आल्याशिवाय गाडीत बसणार नाही म्हणते. आणि दुभाषीण पण घेऊन ये, असं सांगितलंय. आजी लई पोहोचलेली दिसते."

मी खाटेवर बसलो. ती खेडवळ, आंधळी म्हातारी एका रात्रीत हे सगळं शिजवून मोकळी झाली होती. मुलीला बोलावता येत नाही. मला बोलावलं, की तिला यावंच लागेल. मी हबकूनच गेलो.

गाडीच्या दिवशी स्टेशनवर म्हातारी फलाटावरच्या बाकावर बसली होती. कॅप्टन सामानापाशी उभा होता, हाकेच्या अंतरावर, सगळं ऐकू येईल असा. जर्मन मात्र त्याला ओ की ठो कळत नव्हतं. म्हातारीने मला शेजारी बसवलं, माझा हात धरला. बाई समोर उभ्या राहिल्या. त्या आता बोलणार, अशी मला धास्ती वाटत होती. पण म्हातारीने आधी तोंड उघडलं.

"विचार त्याला, नीट जेवतो का?"

बाईंनी मला जर्मनमध्ये विचारलं. मी काय सांगणार? म्हणालो, सकाळी तराजूवर काम करतो, विमानांचा त्रास होतो.

बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी रशियनमध्ये सांगितलं, "जेवतो म्हणतो. लग्न झालंय. मुलगा आहे, शाळेत जातो."

"एवढ्यात?" कॅप्टन म्हणाला.

"हिंदुस्थानात लवकर करतात," बाई म्हणाल्या.

"मुलगा कुणासारखा दिसतो?" म्हातारीने विचारलं.

मी जर्मनमध्ये ट्रामचे थांबे सांगायला सुरुवात केली. दुसरं काही सुचत नव्हतं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आजोबांसारखा म्हणतो. कान अगदी तसेच."

म्हातारीने मान हलवली. "सांग त्याला, माझा म्हातारा गेला. युद्ध संपलं त्याच वर्षी, हिवाळ्यात. झोपेत गेला, त्रास झाला नाही."

बाईंना याचं जर्मन करायचं होतं. त्यांनी केलं. वडील गेल्याची बातमी त्यांनी मला, परक्या मुलाला, कॅप्टनच्या देखत, एकही शब्द न गाळता सांगितली: त्यांचे यजमान गेले, झोपेत, त्रास झाला नाही. मी पाहत होतो. असं काही मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची माझी तयारी नाही.

मी थांबे सांगत राहिलो. त्या थांब्यांमधून बाईंनी काय काय काढलं: नवरा मारत नाही, चांगला आहे, हिवाळ्यात घर उबदार असतं, भाजलेलं आता दुखत नाही. हे शेवटचं त्या बोलल्या तेव्हा कॅप्टनने वळून पाहिलं. मी घाईने बाही वर करून माझ्या मनगटावरचा प्रयोगशाळेतला चट्टा दाखवला. तो समाधानाने पुन्हा सामानाकडे वळला.

गाडीची वेळ झाली. म्हातारीने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि आवाज थोडा चढवला.

"सांग त्याला, दर वर्षी शाळेतली पोरं फुलं घेऊन येतात माझ्याकडे. मी त्यांना तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगते. ते चालू राहिलं पाहिजे. पत्र लिहू नको म्हणावं. येऊ नको. मी मेले असं कळलं तरी येऊ नको. तू आहेस तिथे राहा. कळलं का, विचार त्याला."

बाईंनी माझ्याकडे तोंड केलं आणि त्यांच्या तोंडून काही येईना. डोळे भरले होते, ओठ उघडले होते. एक शब्द बाहेर पडला असता तर तो कोणता हे मला माहीत होतं. कॅप्टन जवळ आला. "सांगा ना," तो म्हणाला. "आजी विचारताहेत, त्याला कळलं का." तो बाईंच्या चेहऱ्याकडे बघायला लागला, जरा जास्तच वेळ.

कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं, आणि ते माझं असून भागणार नव्हतं. मी म्हातारीचे हात घट्ट धरले आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने रशियन बोललो.

"मी समजले," मी म्हणालो.

कॅप्टन खो खो हसत सुटला. "अरे, समजलो! समजलो म्हणायचं. पुरुष आहेस ना तू?" त्याचं बाईंवरचं लक्ष पार उडालं.

म्हातारी हसली नाही. तिने बाईंच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं, तशीच थांबली, आणि मग कॅप्टनला म्हणाली, "हसू नकोस. बरोबर बोललं माझं लेकरू."